एसएक्स९०० आणि मामांची ढोलकी: एकटीच्या कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

२४ ऑक्टोबर

दिवाळी पहाटचे कार्यक्रम जुन्या आय४५५वर उरकले आणि आज नवा कीबोर्ड घरी आला. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. यामाहा पीएसआर-एसएक्स९००, मॉडेल २०१९चं. २०२४मध्ये कंपनीने याच्या पुढचा एसएक्स९२० काढला आणि वाजवणाऱ्यांनी आपापले ९०० विकायला काढले. त्यातलाच हा एक. बटणांवर आधीच्या माणसाच्या बोटांच्या खुणा आहेत, पट्ट्या मात्र सगळ्या एकसारख्या दबतात.

हेतू लिहून ठेवते. पूर्वी आम्ही चौघं जायचो: एक ऑक्टोपॅडवाला, एक कीबोर्डवाला, एक गायक आणि मी. आता फोन येतो तो असा, "ताई, एकट्याच या, बजेट थोडं कमीय." तर एकटीने दोन तासांचा कार्यक्रम उभा करायचा. भावगीतं, भजनं, थोडं हिंदी, आणि सोलापूर असल्यामुळे फर्माइशीला तेलुगू आणि कन्नडही. तुळशीची लग्नं लागली की तारखा सुरू होतील, त्याआधी हे यंत्र हाताखाली यायला हवं.

वजन साडेअकरा किलो, लांबी मीटरभर. स्कूटीचा प्रश्नच मिटला, आता रिक्षा.

२५ ऑक्टोबर

दिवसभर नुसतं ऐकलं. आवाज तेराशेच्या वर, स्टाइल (ताल-बाससकट तयार साथ) सव्वापाचशे. दुकानातला पोऱ्या हे आकडे ज्या उत्साहाने सांगतो तो मला कधीच कळला नाही. मला लागणार पंधरा-वीस आवाज.

पहिलं मत: आवाज मोठे आणि खरे आहेत. सॅक्सोफोन, क्लॅरिनेटमध्ये एका सुरावरचं बोट न उचलता दुसरा सूर दाबला की मध्ये खरा वादक घेईल तशी जोड ऐकू येते. पियानो घरच्या स्पीकरवर बरा, हेडफोनवर फार छान. सात इंची पडद्याला बोट लावून चालवायचं, त्याची सवय एका संध्याकाळीच झाली. पेटीवाल्यांना पट्ट्या हलक्या वाटणार नाहीत, पण पियानो शिकलेल्यांना वाटतील.

स्टाइलचं काय? बॉलरूम, पॉप, लॅटिन यांचा दर्जा बघून थक्क व्हायला होतं. वर्ल्ड गटात आपल्याकडचे म्हणता येतील असे थोडे ताल आहेत. ते वाजवून बघितले. ऐकायला गोड. पण त्यावर 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायला गेलं की वारकऱ्यांच्या दिंडीत सूट घालून कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

२७ ऑक्टोबर

आजचा दिवस कामाचा ठरला, म्हणून नीट लिहिते.

अशा साथ देणाऱ्या, म्हणजे अरेंजर कीबोर्डचं सगळं डोकं डाव्या हातावर चालतं. डावीकडे कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) धरली की यंत्र ती ओळखतं आणि स्टाइलचे आठ भाग (दोन तालाचे, एक बासचा, दोन कॉर्डचे, एक पॅड, दोन फ्रेजचे) त्या कॉर्डप्रमाणे बदलून वाजवतं. स्टाइल तयार करणाऱ्याने हे भाग मुळात सी मेजर सेव्हन या एकाच कॉर्डवर वाजवून ठेवलेले असतात, बाकीच्या कॉर्डसाठी यंत्र त्यातले सूर स्वतः हलवून घेतं. पाश्चात्त्य गाण्याला, हिंदी सिनेमातल्या बहुतेक गाण्यांना हे अगदी फिट्ट बसतं.

आपलं भजन कॉर्डवर चालत नाही. यमनमधली चाल घेतली, सा-ग-प धरलं. यंत्राच्या हिशेबाने मेजर कॉर्ड, सगळं ठीक. आणि मग फ्रेजच्या भागाने मध्येच एक तान टाकली, त्यात शुद्ध मध्यम. मी वर तीव्र मध्यमावर उभी. भैरवीत तर त्याहून वाईट. कोमल रिषभाचं गाणं, मी मायनर कॉर्ड धरलेली, आणि खाली गिटार शुद्ध रिषभ छेडतेय. श्रोत्यांना कारण कळत नाही, 'काहीतरी खटकतंय' एवढं नक्की कळतं.

उपाय यंत्रातच होता. डावीकडे फक्त सा आणि प धरले की हा कीबोर्ड त्याला '१+५' अशी वेगळी कॉर्ड मानतो, म्हणजे गंधार नसलेली. बास आणि कॉर्डचे भाग मग मेजर-मायनरच्या भानगडीत पडत नाहीत. त्यावर फ्रेजचे दोन्ही भाग बंद, पॅड बंद. उरलं काय? ताल, सा-पवरचा बास आणि मागे हलकीशी गिटार. तानपुऱ्याची जागा कुणीतरी घेतल्यासारखं झालं. गळा मोकळा झाला.

आणखी एक: काळ्या-पांढऱ्या धरून सलग तीन सूर एकदम दाबले की बास आणि कॉर्ड दोन्ही गप्प, फक्त ताल चालू. आलापासाठी, मध्ये बोलायचं असेल तेव्हा, उत्तम.

आणि एकदा सा-प दाबून हात उचलला तरी ती कॉर्ड चालूच राहते. भजनात डावा हात जवळजवळ रिकामाच. लय चढवायची की टेम्पोचं अधिकचं बटण त्याच हाताने दाबत जायचं. पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला असतो, इथे त्याला पहिल्यांदाच सुट्टी मिळाली.

सव्वापाचशे स्टाइलपेक्षा मला भाग बंद करण्याच्या पडद्यावरच्या त्या आठ चौकोनी खुणा जास्त मोलाच्या वाटतात, हे आत्ताच लिहून ठेवते.

३० ऑक्टोबर

पट्टीचा विचार. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. कीबोर्डवाले सी धरून वाजवतात आणि ट्रान्सपोझ (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणं) उणे चार करतात. मी पेटीवरून आलेली, बोटांना काळी चार पाठ आहे, म्हणून ट्रान्सपोझ शून्यावरच ठेवते. वरून एखादे काका "मी पण एक म्हणतो" म्हणत स्टेजवर आले आणि त्यांची पट्टी काळी दोन निघाली, तर तेवढ्यापुरतं ट्रान्सपोझ. लग्नात असे काका असतातच.

१ नोव्हेंबर

स्केल ट्यूनमध्ये शिरले आणि दुपार गेली.

कीबोर्डच्या बारा सुरांमधलं अंतर एकसारखं वाटलेलं असतं, प्रत्येकी शंभर सेंट. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार ३८६वर. चौदा सेंटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सा-पच्या नादात लांबवलेला गंधार ऐकला की हा चढा आहे हे कानाला लगेच कळतं. पेटीबद्दल जुन्या लोकांची तक्रार होती ती हीच.

या यंत्रात प्रत्येक सूर वेगळा चढवता-उतरवता येतो. मी सा काळी चारवर धरून गंधार चौदाने उतरवला, धैवत सोळाने, निषाद बाराने, रिषभ चारने चढवला. पंचम दोनने वर, मध्यम दोनने खाली. मग बासरीचा आवाज घेऊन संथ वाजवलं. फरक पडतो. चांगलाच पडतो.

पण हे फक्त एका सावर बसलेल्या गाण्यालाच चालतं. हिंदी गाण्यात कॉर्ड फिरायला लागल्या की हाच उतरवलेला धैवत रिषभाच्या कॉर्डचा पंचम होतो आणि बेसूर लागतो. म्हणून भजनाच्या रजिस्ट्रेशनमध्येच (एका बटणावर साठवलेली सगळी मांडणी) ते साठवलं, बाकी सगळीकडे नेहमीचं.

फोनवरचं तानपुऱ्याचं अॅप मागच्या ऑक्स इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकात, वायरने जोडलं. कार्यक्रमात तोच नाद मुख्य स्पीकरला जातो. फोन विमान मोडवर टाकायचा. नाहीतर भक्तिरसात कुणाचा तरी व्हॉट्सअॅप 'टिंग' करणार.

४ नोव्हेंबर

भजनी ठेका. प्रकल्पाचा खरा गाभा इथे आहे, असं आता दिसतंय.

आतल्या तबल्या-ढोलकीच्या आवाजांनी स्टाइल क्रिएटरमध्ये भजनीचा प्रयत्न केला. तालाचे भाग आवर्तनावर आवर्तन चढवत रेकॉर्ड करता येतात, पहिल्या फेरीत डग्गा, दुसऱ्यात चाट, तिसऱ्यात झांजा. बासला आणि कॉर्डला ही सोय नाही, तिथे नव्याने वाजवलं की जुनं पुसलं जातं. काम सोपं आहे, बसतंही. क्वांटाइझ केलं (यंत्राकडून ठोके नेमक्या मापात बसवून घेतले) की सगळ्या मात्रा रेषेत उभ्या राहतात आणि ठेका मरतो. भजनीचं वजन रेषेच्या किंचित मागे असतं. क्वांटाइझ काढून टाकलं, बरं वाटलं. तरी आवाज परका.

ढोलकीवाल्या मामांना ऐकवलं. ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासूनची ओळख, लावणीपासून भारुडापर्यंत सगळं वाजवलेला माणूस. हेडफोन कानाला लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ताई, ठेका बरोबरय. पण ही ढोलकी कुणाच्या हातचीय?"

"यंत्रातलीय, मामा."

"तेच की ओ. हात नाही त्याला."

मग मीच विचारलं, तुमचा हात देता का? त्यांनी आधी पैशाचं विचारलं. बरोबरच आहे. ठरवून टाकलं.

९ नोव्हेंबर

मामांच्या घरी रेकॉर्डिंग. पूर्व भागात, गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळी गेले तर खटखट अशी की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतं. मामांनी माळ्यावरच्या खोलीत दारा-खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगल्या, दुहेरी. याच चादरीला २००५मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आवाज शोषण्याचा उल्लेख असायला हरकत नव्हती. उंच आवाज बऱ्यापैकी मेला, खालची घरघर तशीच. रेकॉर्डरवर प्रत्येक थापेच्या शेपटीला मागाची खटखट चिकटून येत होती.

दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. रेकॉर्डर बॅटरीवर. मामा म्हणाले, "आता घ्या, पटापटा." अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकलं.

काय काय घेतलं: शाईवरची (ढोलकीची उंच आवाजाची बाजू) उघडी टीप, बंद टीप, काठाची चाट, बोटांनी हलकी आणि पूर्ण हाताची, धुमाच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूची उघडी थाप, दाबलेली थाप, आणि मनगट सरकवत घेतलेला घिस्सा, लांब आणि आखूड. हलकी आणि जोरातली वेगळी घेतली. मामा प्रत्येक थाप मारून आवाज पूर्ण विरेपर्यंत हात हवेतच धरून बसायचे, श्वाससुद्धा आवरून. घिस्सा मात्र त्यांना एकटा मारताच येईना. "नुसता घिस्सा मारायला मी काय घासणीवाला आहे का?" मग त्यांनी अख्खं आवर्तन वाजवायचं आणि मी त्यातला घिस्सा नंतर कापून घ्यायचा असं ठरलं. तो सगळ्यांत जिवंत आला.

शाई काळी चारला लावून घेतली होती. हे पुढे महत्त्वाचं ठरणार.

१२ नोव्हेंबर

लॅपटॉपवर कापाकापी. प्रत्येक नमुन्याच्या आधीची मोकळी जागा पार काढावी लागते, एका श्वासाएवढी राहिली तरी बोट आधी आणि आवाज मागून येतो, आणि मग दोष आपल्या लयीला लागतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली केल्या. मग यामाहाचं एक्स्पान्शन मॅनेजर. त्यात आधी पेनड्राइव्हवरून कीबोर्डची माहिती घालायची, मग आपला ड्रम किट तयार करायचा, पॅक बनवायचा, पेनड्राइव्हने परत कीबोर्डात टाकायचा. नवा पॅक टाकला की आधीचा जातो, म्हणून जे हवं ते सगळं एकाच पॅकमध्ये बांधायचं.

हलकी आणि जोरातली थाप शेजारशेजारच्या पट्ट्यांवर ठेवली. दाबाप्रमाणे यंत्राने निवडण्यापेक्षा मी बोटाने निवडलेलं बरं. धुमाची बाजू डाव्या हाताखाली, शाईची उजव्या. ढोलकीवाला डावखुरा असेल तर त्याला हा किट उलटा वाटेल.

रात्री पहिल्यांदा वाजवलं. मामांचा हात कीबोर्डातून ऐकू आला. घरातले सगळे उठून आले, त्यातल्या दोघांची झोपमोड झाली होती म्हणून.

१४ नोव्हेंबर

मामांच्या ढोलकीवर भजनी, केहरवा आणि दादरा अशा तीन स्टाइल तयार. केहरव्याला चार-चारचा ठोका, दादऱ्याला सहा-आठ. प्रत्येकात मेन ए ते डी असे चार प्रकार: ए अगदी साधा, डी भरलेला. फिल-इनमध्ये, म्हणजे मध्ये भरायच्या तुकड्यांत, मामांच्या छोट्या तिहाया. मामांची अट होती की तिहाई समेवरच संपली पाहिजे. यंत्र फिल-इन संपल्यावर पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्यावर मेन सुरू करतं, त्यामुळे अट आपोआप पाळली जाते. फक्त बटण माप सुरू व्हायच्या आत दाबायला हवं. मध्येच दाबलं तर उरलेली अर्धी तिहाई येते, आणि ती मामांना आवडणार नाही.

बास मी स्वतः वाजवला, सी मेजर सेव्हन धरून चालायचं म्हणून फक्त सा आणि प. जितके कमी सूर, तितका यंत्राला हलवायला कमी वाव.

१६ नोव्हेंबर

पहिला कार्यक्रम. पूर्व भागातल्या एका पद्मशाली कुटुंबाचं रिसेप्शन.

आधी तयारीचं. गाण्यागणिक रजिस्ट्रेशन करणारे बरेच जण बघितलेत, शंभर गाणी, शंभर नावं. माझी फर्माइश चार भाषांतली. यादी कधी पुरी होणार? म्हणून ठेका आणि चालीप्रमाणे रजिस्ट्रेशनचे गट, म्हणजे बँका केल्या. 'संथ आठ', 'मधला आठ', 'पळता सहा', 'भजनी', 'ढोलकी', 'नुसता पियानो'. एका बँकेत दहा बटणं: पहिली पाच तालाच्या चढत्या भरीप्रमाणे, नंतरची पाच उजव्या हाताच्या आवाजांची. स्टाइल फ्रीझ करून ठेवली की मागची पाच दाबली तरी ताल हलत नाही, फक्त बासरीची व्हायोलिन होते. नावं पडद्यावर रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात, घाईत ती डोळ्यांत शिरत नाहीत, म्हणून जागा पाठ करून टाकल्या.

आणि एक सेटिंग ज्याच्याशिवाय मी स्टेजवर गेले नसते: स्टाइल बदलली तरी टेम्पो आधीचाच धरून ठेवायचा. मुळात प्रत्येक स्टाइल स्वतःचा टेम्पो घेऊन येते. गाण्याच्या मध्यात ठेका बदलला आणि लय धाडकन उडाली, तर गाणाऱ्याने कुठे बघायचं?

कार्यक्रम. मुलीकडच्या आज्जींनी तेलुगू गाणं सांगितलं, मला फक्त मुखडा येत होता. 'पळता सहा' लावला, मुखडा दोनदा, मग उजव्या हाताने क्लॅरिनेटवर चाल. पोरं नाचायला आली. त्यांनी तीनमार, म्हणजे तेलुगू नाचाचा ठेका मागितला, त्याची बँक मी केली नव्हती. ढोलकीचा मेन डी, टेम्पो चढवला, कॉर्डचे भाग बंद. तीनमार झाला नाही, पण नाच झाला. दोन्हींत फरक करणारे त्या वेळी मंडपात फार नव्हते.

हॉलच्या सॉकेटला अर्थिंग नसावं, स्पीकरमधून सतत 'हं' असा गुणगुणाट. कीबोर्ड आणि साऊंडच्या मध्ये लावायच्या माझ्याकडच्या डीआय बॉक्सवर ग्राउंड तोडायचं बटण आहे, ते दाबलं आणि गेला. साऊंडवाल्या मुलाने मला विचारलं ही डबी कुठे मिळते.

जेवणाच्या वेळी वीज गेली, जनरेटर यायला काही सेकंद. कीबोर्ड बंद होऊन पुन्हा चालू व्हायला आणखी काही. तेवढं गाणं तोंडी चालवलं, टाळ्यांवर. छोटा यूपीएस घ्यायचा. अडॅप्टर सोळा व्होल्टचा आहे, बाजारात सर्रास मिळतो तो बारा व्होल्टचा, म्हणून जादा अडॅप्टरही योग्य तोच मिळेपर्यंत थांबायचं.

१९ नोव्हेंबर

माइकची गोष्ट. माइक थेट कीबोर्डला लावता येतो, त्यात रिव्हर्ब, कंप्रेसर वगैरे सगळं, आणि डाव्या हाताच्या कॉर्डवरून माझ्याच आवाजाचे आणखी दोन-तीन आवाज तयार करणारी व्होकल हार्मनीही. इंग्रजी कोरसला ती सुरेख वाटते. मी एका अभंगावर लावून बघितली, मींड घेतली की मागच्या दोघी पायऱ्या उतरत येतात. बंद. रिव्हर्ब मात्र हॉलवाल्याच्या मिक्सरपेक्षा इथलाच घ्यायचा, कारण तो रजिस्ट्रेशनबरोबर बदलतो: बोलताना कोरडा, भजनात ओला.

२३ नोव्हेंबर

सुंदरी. सोलापुरात राहून हे करून बघितलं नाही तर कसं? सनईसारखंच, पण आखूड आणि वरच्या पट्टीचं वाद्य. सोलापूरच्या जाधव घराण्याने ते हातात घेऊन मैफिलीपर्यंत नेलं. कीबोर्डात सनई आहे. तिला एक सप्तक वर नेली, हल्ला थोडा मऊ केला, जॉयस्टिकवर पिच बेंड दोन अर्धसुरांवरून तीनवर. ऐकू आली ती उंच बारीक सनई. सुंदरीतल्या फुंकीचा तो किंचित ओला, नाकातला कंप आला नाही. लग्नाच्या एंट्रीला चालेल. सुंदरी म्हणून सांगणार नाही.

२७ नोव्हेंबर

दोन कार्यक्रम लागोपाठ, लिहायला वेळ नाही. रिक्षावाल्याने कीबोर्ड उभा ठेवा म्हटलं, मी नाही म्हटलं.

३० नोव्हेंबर

काळी दोनवाले काका आलेच. ट्रान्सपोझ केलं, बास-पियानो सगळं गेलं त्यांच्या पट्टीत, ढोलकी मात्र काळी चारलाच टणटणत राहिली. ड्रमचे आवाज ट्रान्सपोझबरोबर हलत नाहीत, हलूही नयेत. नाहीतर एका पट्टीतला झांजांचा आवाज दुसऱ्या पट्टीत थाळीसारखा येईल. श्रोत्यांच्या लक्षात आलं नाही. काकांच्या तर नाहीच. मला ते पूर्ण गाणं टोचत राहिलं. मामांकडून काळी दोनची शाई वेगळी घ्यायला हवी. आधीच्याच फायली चढवता-उतरवता येतील, पण पाच अर्धसूर ढकलल्यावर ढोलकीची हलगी होते.

कार्यक्रमाचं ऑडिओ कीबोर्डातच पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करायची सवय लावली आहे. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर ऐकायचं. ऐकल्यावर कळलं की मी मेन डी फार लवकर गाठते. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं भरलेलं, मग शेवटाला चढवायला काही उरत नाही. ए आणि बीवर जास्त थांबायचं. भजनात तर पहिल्या कडव्याला तालच नको.

५ डिसेंबर

काल दत्तजयंती. अक्कलकोट रोडच्या एका मंदिरात भजनसंध्या. पदयात्री दिवसभर चाललेले, मंडप भरलेला.

मामा स्वतः आले होते, ढोलकी घेऊन. मग माझी ढोलकी बंद, स्टाइलमधला फक्त बास आणि मागची गिटार चालू ठेवायचा विचार होता. चालला नाही. मामा भजन चढवत नेतात तेव्हा लय टेम्पोच्या आकड्यात मावत नाही. प्रत्येक आवर्तनाला किंचित, कधी थांबून, कधी उडी मारून. टॅप टेम्पोने मागे-मागे धावले. दुसऱ्या भजनाला स्टाइल पूर्ण बंद करून पेटीसारखं वाजवलं, ऑक्स इनमधून तानपुरा. त्या रात्रीचं सगळ्यांत चांगलं गाणं ते झालं. जिवंत ढोलकीवाला शेजारी असला की अरेंजरचं काम तानपुरा आणि पेटी एवढंच, हे ठरवून टाकलं.

पण शेवटच्या गजराआधी मामा चहाला उठले आणि लोक 'आणखी एक' म्हणाले. त्यांची परवानगी न विचारता भजनी स्टाइल लावली. मामा मंडपाच्या टोकाला कप हातात धरून आपलीच ढोलकी ऐकत उभे. नंतर एवढंच म्हणाले, "घिस्सा बरा लागलाय. पण चौथ्या मात्रेला मी एवढं जोरात मारत नाही." तपासलं. खरंच, तिथे मी जोरातली थाप ठेवली होती. आज ती हलकी केली.

८ डिसेंबर

पुढचं काम: रूपक. सात मात्रा, सम खालीच्या (रिकाम्या) मात्रेवर, तिं तिं ना धि ना धि ना. यंत्राला प्रत्येक मापाचा पहिला ठोका जोरात हवा असतो, रूपकात तोच रिकामा. मेट्रोनोमचा घंटीचा आवाज बंद केल्याशिवाय हे वाजवताच येत नाही, तो कानाला खोटं सांगतो. मामांकडून रूपकासाठी धुमाची मऊ थाप वेगळी घ्यायची आहे, आणि त्याच बैठकीत काळी दोनची शाई.

तारीख मिळत नाहीये. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा, मग मामांच्या सुपाऱ्या. वीज कधी जाणार तेही विचारून ठेवायला हवं. जानेवारीच्या आधी जमलं तर गड्ड्याच्या, म्हणजे त्या यात्रेच्या दिवसांतल्या दोन कार्यक्रमांत रूपक लागेल. नाही जमलं तर मामांनाच घेऊन जावं लागेल, आणि त्या दिवसांतला त्यांचा भाव वेगळा असतो.